आधी दुधी चाखा, मग रस काढा!

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुनी झाली. हल्ली या पाळण्यात आरोग्य झुलतंय. मोतीबागेत सकाळी चकरा मारणाऱ्यांच्या गप्पा ऐका. एकाचा गव्हांकुराचा रस चालू असतो, दुसऱ्याचा दुधीचा. तिसऱ्याने रिफाइंड तेल घरातून हद्दपार केलेलं असतं आणि चौथा ए-टू तुपाचा भाव सांगून बाकीच्यांची झोप उडवतो. मतभेद पुष्कळ, पण एका वाक्यावर सगळ्यांचं एकमत : ‘नॅचरल आहे हो, काही होत नाही!’

या ‘काही होत नाही’ची झडती घ्यायला जालन्याइतका सोयीचा जिल्हा नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे हे शहर बियाण्यांची राजधानी म्हणून मिरवू लागलं. त्याच जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, बदनापूरकडे मोसंबीच्या बागा. बाजारात एका दुकानात संकरित कपाशीची पाकिटं, पलीकडच्या दुकानात ‘केमिकल फ्री’ गूळ. दोन्ही दुकानांतलं गिऱ्हाईक पुष्कळदा एकच असतं.

मोसंबीचं कौतुक, पण बेताने

जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकन म्हणजे फळाच्या गावाचा दाखला, औषधाचा परवाना नव्हे.

तरी या कुळातल्या फळांची कीर्ती फुकटची नाही. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या इंग्रजी जहाजावर जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने हिरड्या सुजून, अंगातली ताकद जाऊन खंगलेले १२ खलाशी निवडले आणि त्यांच्या दोघादोघांच्या सहा जोड्या लावल्या. कुणाला व्हिनेगर, कुणाला सफरचंदाची दारू, एका दुर्दैवी जोडीला तर चक्क समुद्राचं पाणी! ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, ती आठवड्याच्या आत उठून बसली. तुलना करून पाहिलेल्या औषधचाचण्यांत ही अगदी सुरुवातीची मानली जाते. गंमत पुढेच आहे. रस जहाजावर टिकावा म्हणून लिंडने तो आटवून घट्ट करायची युक्ती सुचवली. त्या आटवण्यात, ज्याने खलाशी बरे झाले त्या क जीवनसत्त्वाचा बहुतेक भाग उडून गेला आणि काढा निकामी ठरला. म्हणजे कच्च्याच्या बाजूने इथे एक गुण नोंदवून टाकू. इंग्रजी नौदलाला लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ साल उजाडलं, ती दिरंगाई सरकारी.

आता कौतुकाला बांध. मोठ्या माणसाची क जीवनसत्त्वाची रोजची गरज आपल्याकडे ६५ ते ८० मिलिग्रॅम धरतात. दोन मोसंब्यांत ती भागते. त्यापुढचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. नोबेल दोनदा मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की, हे जीवनसत्त्व भरपूर घेतलं तर सर्दी होत नाही. जगाने विश्वास ठेवला. नंतर चाचण्या झाल्या आणि कळलं की, सर्दी व्हायची ती होतेच. रोज गोळ्या घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर आटोपते. पाच दिवसांची साडेचार दिवसांवर आली, एवढाच नफा. आणि क जीवनसत्त्वच हवं असेल तर बागायतदारांनी रागावू नये, पण पेरूत ते मोसंबीच्या चौपट असतं.

रसाचं काय? एका ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात, साखर सगळी उतरते आणि चोथा कचऱ्यात. सोलून खाल्ली तर दोन मोसंब्यांत पोट भरतं. पाकिटातल्या रसांचं तर आणखी निराळं. त्यावरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं, कारण आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयालाही हेच लेबल लागत होतं.

मोसंबीचा एक चुलतभाऊ मात्र खरोखर अंगावर येतो : ग्रेपफ्रूट. १९८९ मध्ये कॅनडात रक्तदाबाच्या एका गोळीवर दारूचा काय परिणाम होतो, याचा तपास काही संशोधक करत होते. दारूची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं औषधाचं प्रमाण भलतंच वाढलेलं दिसलं. दारू निर्दोष सुटली, फळ सापडलं! पपनसातही ही खोड असते, मोसंबीत सहसा नाही. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या चालू असतील तर ही दोन फळं खाण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

निळं खोड आणि द्राक्षचोर

मोसंबीच्या बागेत पावसाळ्याआधी गेलात तर खोडं निळसर रंगवलेली दिसतील. ते शोभेसाठी नसतं. डिंक्या रोग येऊ नये म्हणून जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावतात : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र. कालवायला लोखंडाची बादली घेतली तर तांबं बादलीला लागतं, म्हणून प्लास्टिकची.

हे औषध सापडलं चोरांमुळे. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलीवरची द्राक्षं येणारेजाणारे लांबवायचे. मळेवाल्यांनी वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळं सारवण मारलं, विषारी दिसावं म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतितज्ज्ञाच्या लक्षात आलं की, रस्त्याकडेच्या वेलींना केवडा (डाऊनी) लागत नाही, आतल्यांना लागतो. १८८५ मध्ये त्याने ते मिश्रण जाहीर केलं. आज जालन्याजवळच्या कडवंचीच्या द्राक्षांपासून नाशिकपर्यंत सगळ्या द्राक्षवाल्यांना हे नाव पाठ आहे.

हे इथे कशाला? कारण बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीतही चालतं. गंधक चालतं, निंबोळी अर्क चालतो. ‘सेंद्रिय म्हणजे काहीच मारलेलं नाही’ ही शहरी समजूत आहे, नियमावली तसं कुठेच म्हणत नाही. नियम विचारतो : मारलेलं कुठून आलं, कारखान्यातून की निसर्गातून? आणि तांबं कुठूनही आलं तरी जमिनीत साचतंच, म्हणून युरोपने त्यावर हेक्टरी वर्षाला सरासरी चार किलोंची मर्यादा घातली आहे. रोटेनोन हे झाडांच्या मुळांतून मिळणारं कीटकनाशक तर कित्येक वर्षं सेंद्रियवाल्यांचं लाडकं होतं. पुढे त्याचा संबंध कंपवाताशी जोडला गेला आणि बहुतेक देशांनी ते शेतीतून काढलं.

रेशीमअळी मारणारा जंतू

यापेक्षा मजेशीर गोष्ट जालन्याच्या दारातलीच आहे. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाच्या अळ्या पटापट मरत होत्या. इशिवाता या शास्त्रज्ञाने त्यांच्यात एक जिवाणू शोधला. १९११ मध्ये तोच जिवाणू जर्मनीच्या थुरिंजिया भागात पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला आणि त्याचं बारसं झालं ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’. लाडाने बीटी.

होय, तोच बीटी. या जिवाणूची पावडर सेंद्रिय शेतकरी अळीवर बिनदिक्कत फवारतात, प्रमाणपत्राला धक्का लागत नाही. त्याच्यातलं प्रथिन बनवणारं जनुक कपाशीत घातलं, तिला २००२ साली देशात परवानगी मिळाली आणि महिकोचं नाव त्या वादात कायमचं गोवलं गेलं. बीटी वांग्यावर तर फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्राने स्थगितीच आणली. बाटलीतून फवारलं तर निसर्ग आणि बियाण्यातून आलं तर राक्षस? बीटी बियाण्याविरुद्ध बोलण्यासारखे मुद्दे आहेत. बियाण्याची किंमत आहे, कंपनीची मक्तेदारी आहे, बोंडअळीला आलेली प्रतिकारशक्ती आहे. पण ‘खाल्लं की विष’ हा मुद्दा त्यांत सगळ्यात लंगडा, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त चालतो. योगायोग बघा, ज्या जंतूचा शोध रेशीमअळ्यांच्या मरणातून लागला त्याच्या बियाण्याच्या गावातच २०१८ मध्ये रेशीमकोषांची बाजारपेठ सुरू झाली.

कडू दुधी : ही गंमत नव्हे

दुधीच्या रसाला नैसर्गिक पेयांत फार मान. पण दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गीय भाज्यांत स्वसंरक्षणासाठी क्युकर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. शेतात निवडून निवडून ते माणसाने जवळजवळ घालवलं. तरी एखाद्या फळात ते उसळी मारतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. २०१० मध्ये दिल्लीत कारल्याबरोबर दुधीचा रस घेतलेल्या एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात एका महिलेचा असाच मृत्यू झाला. उलट्या, रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब कोसळणं, ही लक्षणं. उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार.

समितीचा सल्ला आजीच्या तोंडी शोभेल असा होता : आधी फोड चाखा, कडू लागली तर फेकून द्या आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. कारण उघड आहे. भाजीत कडू दुधी आला तर पहिल्या घासालाच ताट बाजूला सरतं. रसात मात्र कारलं, आवळा, लिंबू घातलेलं असतं आणि वर ‘कडू आहे म्हणजे गुणकारी’ ही श्रद्धा. जीभ ओरडत असते, माणूस नाक दाबून ग्लास संपवतो. नैसर्गिक खाण्याचा एवढा पुरस्कार करताना निसर्गाने दिलेली जीभच बंद ठेवायची, याला काय म्हणावं?

मोड आलेली भीती

२०११ च्या मे महिन्यात जर्मनीत माणसं रक्ती जुलाबाने आजारी पडू लागली. मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला. तिथल्या शेतकऱ्यांचा माल कुजला, रशियाने युरोपची भाजीच बंद केली. शेवटी माग लागला तो उत्तर जर्मनीतल्या एका सेंद्रिय शेतावर, तिथल्या मोडांवर. मोड कशाचे? मेथीचे! बी इजिप्तहून आलेलं. जवळपास ३,९०० लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले.

दोष सेंद्रियपणाचा होता असं नाही, ऊब आणि ओल यांचा होता. मोड यायला जे हवं तेच जंतूंनाही हवं. आपल्या मटकीला फडक्यात बांधून रात्रभर उबेला ठेवतो, तेव्हा आपण दोघांचीही सोय करत असतो. पण आपल्याकडे तिची उसळ होते, फोडणी बसते, वाफ येते आणि प्रश्न मिटतो. कच्चे मोड वाटीभर खायची फॅशन आली तेव्हापासून ही वाफ ताटातून गेली. पोटुशी बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, यांच्यासाठी तरी मोडांना पाच मिनिटं वाफ द्या.

किराळ

ज्वारीची कोवळी ताटं, विशेषतः पाण्याचा ताण पडलेली, जनावराने खाल्ली तर किराळ लागते. जनावर फुगतं, थरथरतं, काही वेळात आडवं होतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. कारण त्या कोवळ्या पानांत असं द्रव्य असतं की, चघळल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. शंभर टक्के नैसर्गिक सायनाइड, खताचा दाणा न घालता उगवलेलं.

पिकलेल्या ज्वारीच्या दाण्यात ही भानगड नाही. भाकरी निर्धास्त खा. हुरडाही निर्धास्त खा, आगटीत भाजलेला, लसणाच्या चटणीबरोबर. पण ‘मिलेट स्प्राउट’ म्हणून ज्वारीला लांब मोड आणून ते कच्चे खाण्याचं नवं खूळ निघालंय, त्यापासून लांब राहा. तेच द्रव्य ज्वारीच्या कोंबातही तयार होतं. ज्या घरात जनावराला कोवळी ज्वारी खाऊ देत नाहीत, त्या घरातल्या माणसाने ती सॅलडमध्ये खावी का?

चटणीपुरतं

तालमीतला कच्च्या अंड्याचा ग्लास : १९९८ मध्ये बेल्जियममध्ये मोजून पाहिलं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचतं, कच्च्यातलं ५१. निम्मं अंडं वाया घालवायचं आणि वर सिनेमातल्या पैलवानासारखं तोंड करायचं.

टोमॅटोचं सार करताना क जीवनसत्त्व घटतं, पण लायकोपिन शरीराला जास्त मिळू लागतं. गाजराचंही तसंच. म्हणजे कोशिंबीर आणि सार, दोघांचंही बरोबर.

‘कच्चे’ काजू खरे कच्चे नसतातच. काजू हा बिब्ब्याच्या कुळातला. टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून वाफवल्या-भाजल्याशिवाय गर काढत नाहीत.

‘कोलेस्ट्रॉल फ्री करडई तेल’. कुठलंही वनस्पती तेल कोलेस्ट्रॉल फ्रीच असतं, घाण्याचं असो की रिफाइंड. करडईच्या बाजूने बोलायला दुसरे पुष्कळ गुण आहेत, चवीपासून सुरुवात करा.

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल वासाला झकास. पण बुरशी लागलेले दाणे त्यात गेले तर अफ्लाटॉक्सिनचा काही अंश तेलात येतो, आणि तो काढून टाकण्याचं काम नेमकं बदनाम रिफाइनिंगच करतं. घाणेवाल्याला तेलाच्या धारेआधी दाणे दाखवायला सांगा.

गव्हांकुरातलं हरितद्रव्य ‘हिरवं रक्त’ म्हणून विकतात. रचना रक्तातल्या हीमसारखी आहे, खरं. पण हीमच्या मध्यभागी लोह असतं आणि हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम.

काळा गूळ : लोह थोडं, बाकी मुख्यत्वे साखरच. मधुमेह्याच्या रक्ताला सेंद्रिय आणि असेंद्रिय असा भेद कळत नाही.

जन्मलेल्या बाळाला मधाचं बोट : नको. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊच नये. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. मध ‘अस्सल जंगली’ असला म्हणून ही शक्यता कमी होत नाही.

पूर्ण कच्चं खाणाऱ्यांचा जर्मनीत १९९९ मध्ये अभ्यास झाला. ४५ च्या आतल्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटलं असणार.

दूध : ए-वन, ए-टू आणि माल्टाची शेळी

धारोष्ण दुधाचे गोडवे गाणाऱ्यांनी माल्टाची गोष्ट ऐकावी. भूमध्य समुद्रातल्या या बेटावर इंग्रज सैनिकांना महिनोन् महिने ताप यायचा, सांधे धरायचे. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये झम्मित या माल्टीज डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं. टुणटुणीत दिसणाऱ्या शेळ्यांत तो जंतू निघाला! सैनिकांना ते दूध बंद केलं आणि ताप ओसरला. आजही जनावरांतून माणसात येणाऱ्या या ब्रुसेलोसिसपासून वाचायचा घरोघरचा उपाय एकच, दुधाला उकळी. शेळीचं तोंड बघून दुधाची परीक्षा होत नाही.

ए-टूचा मामला आणखी गमतीचा. दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी एक कडी वेगळी, एवढाच ए-वन आणि ए-टूमधला फरक. देशी गाईंच्या दुधात बहुतेक ए-टू असतं. म्हशीच्या दुधातही ए-टूच! म्हणजे आपल्या गवळ्याचं म्हशीचं दूध पिढ्यान् पिढ्या ए-टू होतं, त्याने भाव वाढवला नाही एवढंच. आणि ‘ए-टू तूप’? ए-टू हे प्रथिन, तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. ज्यात प्रथिनच उरलेलं नाही त्याच्या प्रथिनाचे पैसे आपण मोजतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे ए-वन, ए-टूचे दावे पाकिटांवरून काढायला सांगितले आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागेही घेतला. दूध नासलं नाही, आदेश नासला. देवणी आणि लाल कंधारी या मराठवाड्याच्या गाई सांभाळाव्यात, जरूर सांभाळाव्यात. त्या उन्हात तग धरतात, एवढं कारण पुरेसं आहे.

उपवासाची भगर

उपवासाचं अन्न म्हणजे शुद्ध, हलकं, सात्त्विक. तरी महाशिवरात्र किंवा नवरात्र आलं की मराठवाड्यातून भगरीच्या विषबाधेच्या बातम्या येतात आणि अन्न व औषध प्रशासन पत्रक काढतं. गुन्हेगार बुरशी. दमट हवेत भगरीवर ती वाढते आणि विषद्रव्य सोडते. पिठावर आणखी लवकर, कारण पीठ ओल ओढून घेतं. म्हणून पत्रकातल्या सूचना साध्या असतात : सुटी भगर घेऊ नका, पाकीट आणि तारीख बघा, पीठ दळून ठेवू नका, धुऊन घ्या. यात खताचा, फवारणीचा काही संबंध नाही. कोरडा डबा की दमट डबा, एवढाच प्रश्न आहे.

मग सेंद्रियात काही नाही का?

आहे. फक्त जाहिरात म्हणते तिथे नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१२ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. पोषणात ठळक फरक सापडला नाही. कीडनाशकाचा अंश मात्र सेंद्रियाच्या ७ टक्के नमुन्यांत आणि साध्या मालाच्या ३८ टक्के नमुन्यांत होता, मर्यादा ओलांडणारे नमुने दोन्हीकडे विरळा. २०१४ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठाने ३४३ अभ्यास घेतले आणि सांगितलं की, सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त, कॅडमियम कमी. कर्करोगाचं बघा. ब्रिटनमध्ये सहा लाखांवर बायकांचा नऊ वर्षं माग ठेवला, सेंद्रिय खाणाऱ्यांत एकूण कर्करोग कमी आढळला नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या सुमारे ६९ हजार लोकांच्या अभ्यासात तो २५ टक्के कमी निघाला. पण जो सेंद्रिय घेतो त्याच्याकडे पैसा असतो, तो सिगरेट कमी ओढतो, भाजी जास्त खातो, चालायला जातो. फायदा कशाचा, हे सोडवता सोडवता शास्त्रज्ञांच्या नाकी नऊ आलेत. माझं मत विचाराल तर कुठलीही पालेभाजी, न खाल्लेल्या सेंद्रिय पालेभाजीपेक्षा चांगली.

विकणारा ‘सेंद्रिय आहे’ म्हणाला की, पुढचा प्रश्न विचारा. राष्ट्रीय नियमांप्रमाणे हंगामी पिकाला दोन वर्षं आणि मोसंबीसारख्या फळबागेला तीन वर्षं रसायनाविना काढावी लागतात, तेव्हा कुठे माल सेंद्रिय म्हणून विकता येतो. पाकिटावर सेंद्रिय प्रमाणपत्राचं चिन्ह असतं. ‘आम्ही यंदापासून काही मारलं नाही’ हे कौतुकास्पद आहे, पण प्रमाणपत्र नव्हे. आणि नैसर्गिक शेती म्हणजेच सेंद्रिय शेती असं चुकूनही म्हणू नका. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ते रासायनिक शेतीइतकेच सेंद्रिय शेतीवर तुटून पडतात आणि गांडूळखतालाही मोडीत काढतात. भाऊबंदकी तिकडेही आहे.

आता ज्याचं नाव या सगळ्या आरोग्यचर्चेत येत नाही, त्या माणसाकडे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीवर, फवारा चेहऱ्याच्या उंचीवर, अंगात घामाने भिजलेला सदरा, तोंडाला फार तर उपरणं. त्या हंगामात विषबाधेने शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात गेले आणि २० हून अधिक मेले. त्यांनी विष भाजीतून खाल्लं नव्हतं, ते त्यांच्या कातडीतून आणि श्वासातून गेलं. ताटातल्या वांग्यावर उरलेला अंश आणि फवारणाऱ्याच्या अंगावर उडालेला फवारा यांची तुलनाच होत नाही. जालन्याच्या कपाशीतही तोच पंप, तोच सदरा असतो.

म्हणून सेंद्रिय मोसंबीला किलोमागे दहा रुपये जास्त द्यायचे असतील तर खुशाल द्या. तुमची सर्दी त्याने थांबणार नाही. पण बागेत पंप पाठीवर घेणारा जो कुणी आहे, त्याचा एक हंगाम जरी कमी विषारी गेला तरी ते दहा रुपये वसूल झाले. आणि साधीच मोसंबी घेणार असाल, ओळखीच्या शेतकऱ्याकडून, तर त्याला एवढं जरूर विचारा : ‘भाऊ, फवारणीला हातमोजे आणि मास्क असतात ना?’